लेकीचा शोधनिबंध आणि आपला बचत गट

आपल्या या कार्यक्रमात आपण नेहमी बचत, कर्ज, परतफेड, बँकेची फेरी, दूध, शेळ्या, कांदा यांबद्दल बोलतो. आज विषय थोडा वेगळा आहे, पण तोही आपल्या उंबऱ्याच्या आतलाच आहे.

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत आता गावोगावी बी.ए., बी.एस्सी. झालेल्या मुली आहेत. कुणी पुढे एम.ए. करते, कुणी एम.एस्सी., कुणी बी.एड. होऊन एम.एड. करते. काहींच्या घरात तर सूनबाई लग्नानंतर शिकतायत. या मुली कधीतरी घरी येऊन सांगतात, "मला चर्चासत्रात पेपर सादर करायचाय, पुण्याला जावं लागेल." मग घरात प्रश्न सुरू होतात. पेपर म्हणजे परीक्षा का? परीक्षा नाही तर जायचं कशाला? पैसे का भरायचे? परत किती वाजता येणार? सोबत कोण?

प्रश्न विचारणं चूक नाही. पण उत्तर माहीत नसलं की आपण सरळ "नको" म्हणून मोकळ्या होतो आणि मुलीची एक चांगली संधी जाते. म्हणून हे संशोधन काय असतं, ते लोकांपुढे मांडतात कसं, आणि त्यात आपल्या गटाचं काय काम, हे आज समजून घेऊ.

चर्चासत्र म्हणजे काय?

पेपर म्हणजे इथे शोधनिबंध. मुलीनं एखादा प्रश्न घेतला, त्याची माहिती गोळा केली, ती तपासली आणि त्यातून काय दिसलं ते लिहून काढलं, तर तो झाला शोधनिबंध. एकाच विषयावर काम करणारे विद्यार्थी, प्राध्यापक, शिक्षक एका ठिकाणी जमतात, आपापले निबंध वाचतात, एकमेकांना प्रश्न विचारतात, त्याला चर्चासत्र किंवा परिषद म्हणतात. आपल्या ग्रामसंघाच्या बैठकीत प्रत्येक गट आपला हिशोब मांडतो आणि बाकीच्या बायका विचारतात, "हे कर्ज थकलं कसं?" तसंच हे. फरक इतकाच, की तिथे हिशोब पैशांचा नसतो, माहितीचा असतो.

परीक्षेत उत्तर आधीच ठरलेलं असतं. मुलीला ते आठवायचं असतं. संशोधनात उत्तर कुणालाच माहीत नसतं, ते तिनं शोधून आणलेलं असतं. त्यामुळे समोर मोठमोठे प्राध्यापक बसलेले असले तरी त्या दहा मिनिटांत त्या एका प्रश्नाबद्दल सर्वांत जास्त माहिती असलेली व्यक्ती म्हणजे आपली लेक असते.

अशी चर्चासत्रं फक्त पुण्यालाच होतात असंही नाही. जुन्नर, नारायणगाव, ओतूर, आळे, मंचर, घोडेगाव इथे महाविद्यालयं आहेत. पहिली पायरी तिथेच चढता येते. आपल्या राज्यात 'आविष्कार' नावाची संशोधनाची मोठी स्पर्धा २००६ पासून भरते. राज्यपाल हे विद्यापीठांचे कुलपती असतात, त्यांच्या कार्यालयाकडून ती सुरू झाली. आधी महाविद्यालयात निवड, मग विभागात किंवा जिल्ह्यात, मग विद्यापीठात आणि शेवटी राज्यभरातल्या विद्यापीठांचे विद्यार्थी एकत्र, अशा तिच्या पायऱ्या आहेत. भाषा आणि समाजाचे विषय, वाणिज्य आणि कायदा, विज्ञान, शेती आणि पशुसंवर्धन, अभियांत्रिकी, वैद्यक असे वेगवेगळे गट असतात. पदवीच्या मुलींचा गट वेगळा, एम.ए., एम.एस्सी.च्या मुलींचा वेगळा. म्हणजे बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली मुलगीसुद्धा त्यात उतरू शकते. आपल्या महाविद्यालयात या स्पर्धेचं काम कुणा सरांकडे किंवा मॅडमकडे आहे, एवढं जरी तिनं विचारलं तरी सुरुवात झाली.

विज्ञानाच्या मुलींना तर घराजवळच एक जागा आहे. जुन्नर तालुक्यातल्या खोडदची मोठी दुर्बीण आपण सगळ्यांनी येता-जाता पाहिली आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत तिथे, आणि त्यांतून आकाशातल्या रेडिओ लहरी टिपतात. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे प्रदर्शन भरतं. आसपासच्या शाळा-महाविद्यालयांची मुलं आपापले प्रयोग मांडून उभी राहतात, आणि बघायला गावागावांतून माणसं येतात. ज्यांनी हे पाहिलं नाही त्यांनी पुढच्या वर्षी मुलींना घेऊन जरूर जावं. आपलं काम परक्या माणसाला समजावून सांगायचं कसं, हे त्या मुलांकडे बघून कळतं.

शितावरून भाताची परीक्षा

आता संशोधन म्हणजे नक्की काय करतात ते बघू. ऐकायला शब्द मोठा वाटतो, पण त्यातली निम्मी कामं आपल्याला येतात. मोजणं, लिहून ठेवणं, ताळा करणं. आपल्या गटाचं हजेरी पुस्तक आणि कर्ज खातेवही म्हणजे पक्की माहितीच आहे.

आणि आपल्या भागात ही लिहून ठेवण्याची रीत फार जुनी आहे. जुन्नरच्या पश्चिमेला नाणेघाट आहे. तिथल्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा म्हणून ओळखला जाणारा शिलालेख आहे, दोन हजार वर्षांपूर्वीचा. कोणते यज्ञ केले, दक्षिणा म्हणून गाई किती दिल्या, नाणी किती दिली, हे त्यात आकड्यांसह कोरलं आहे. भारतात अंक कसे लिहीत गेले याचा अभ्यास करणारे लोक आजही या लेखाकडे येतात. कारण सोपं आहे. नुसतं "पुष्कळ दिलं" असं न म्हणता "इतकं दिलं" असं लिहिलं, म्हणून ते टिकलं आणि कामाला आलं.

पण प्रत्येक घर, प्रत्येक माणूस मोजायला वेळ नसतो. तिथे आपली म्हण कामाला येते, शितावरून भाताची परीक्षा. सगळा भात चाखायला लागत नाही, चार शितं दाबून पाहिली की कळतं. अभ्यासातही तसंच करतात. त्याला नमुना म्हणतात.

शिक्षणातलं एक उदाहरण घ्या. 'प्रथम' या संस्थेच्या पुढाकारानं २००५ पासून 'असर' नावाची पाहणी होते. कार्यकर्ते घरी येतात, मुलाच्या हातात कागद देतात. आधी अक्षरं, मग शब्द, मग पहिलीच्या पातळीचा उतारा, मग दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल कुठपर्यंत वाचतं ते लिहून घेतात, थोडं गणितही घालतात. जिल्ह्यातलं प्रत्येक घर ते करत नाहीत. जिल्ह्यातली ३० गावं आणि प्रत्येक गावातली २० घरं, म्हणजे साधारण ६०० घरं. यावरून जिल्ह्यातल्या ग्रामीण मुलांच्या वाचनाचा अंदाज येतो. मूल पाचवीत गेलं म्हणजे त्याला वाचता येतंच असं नाही, ही गोष्ट अशा पाहण्यांमुळे देशभर बोलली जाऊ लागली.

आता यातली मेख ऐका. शित कुठून काढलं याला महत्त्व आहे. पातेल्यातला वरचाच भात पाहिला आणि खाली करपलेला असला, तर परीक्षा चुकली. एखाद्या मुलीनं रस्त्याकडेची, बागायतीची घरं तेवढी विचारली आणि वरच्या वाडीवर, ठाकरवाडीत गेलीच नाही, तर तिचं उत्तर अर्धं राहतं. म्हणून चर्चासत्रात हमखास प्रश्न येतो, "नमुना कसा निवडला?" आपल्या लेकीला हा प्रश्न आपण घरीच विचारावा.

दुसरी गोष्ट तुलनेची. समजा, एका शाळेत आठवी ते दहावीच्या ४० मुली आहेत. जूनच्या शेवटी रोज साधारण ३८ जणी हजर असतात. भाताची आवणी सुरू झाली की त्या आठवड्यात २२ जणीच येतात. शंभराच्या हिशोबात ९५ वरून ५५ वर आलं. हा आकडा बोलका आहे. पण थांबा. मुलग्यांचं काय? तेही ४० पैकी २२ वर आले असतील, तर हा सगळ्या घरांच्या कामाचा प्रश्न झाला. मुलगे मात्र ३४ येत असतील, तर घरात काम पडलं की आधी मुलीची शाळा बुडते, हे दिसलं. मुलींचा आकडा तोच, पण शेजारी दुसरा आकडा ठेवल्यावर अर्थ बदलला. संशोधन म्हणजे बरंचसं हेच, योग्य आकड्याशेजारी योग्य आकडा ठेवणं. हे आकडे आम्ही समजावण्यासाठी घेतलेत बरं का, कुठल्या खऱ्या शाळेचे नाहीत.

दहा मिनिटांत काय सांगायचं?

चर्चासत्रात बहुधा दहा मिनिटं मिळतात, नंतर प्रश्नांना थोडा वेळ. दोन वर्षांचं काम दहा मिनिटांत सांगायचं म्हणजे पाचवारीची घडी करून डब्यात बसवण्यासारखं आहे. म्हणून आधीच वाटणी करून ठेवावी लागते. आमच्या भागातल्या मुलींना आम्ही अशी वाटणी सांगतो.

पहिलं मिनिट: मी कोण, कुठे अभ्यास केला. गावाचं नाव, तालुका, तिथली शेती, वाहतूक. समोरच्याला चित्र उभं राहिलं पाहिजे.

पुढची दोन मिनिटं: प्रश्न काय होता आणि तो का महत्त्वाचा. एकच प्रश्न, एका वाक्यात सांगता येईल असा.

पुढची दोन मिनिटं: माहिती कशी मिळवली. किती जणांशी बोलली, कशी निवडली, कधी गेली, काय विचारलं.

पुढची तीन मिनिटं: काय दिसलं. इथे दोन किंवा तीनच मुद्दे. सगळे तक्ते दाखवायचा मोह टाळायचा.

एक मिनिट: काय कळलं नाही. "मी एकाच केंद्रातल्या शाळा पाहिल्या, म्हणून सगळ्या तालुक्याबद्दल हे सांगता येणार नाही," असं स्वतःहून म्हणणारी मुलगी कच्ची ठरत नाही. उलट तिच्या बोलण्यावर विश्वास बसतो.

शेवटचं मिनिट: यावरून काय करता येईल.

काही ठिकाणी बोलण्याऐवजी पोस्टर लावायचं असतं. मोठ्या कागदावर प्रश्न, पद्धत, निष्कर्ष आणि एक-दोन आकृत्या छापायच्या आणि शेजारी उभं राहायचं. लोक फिरत येतात, थांबतात, विचारतात. ज्या मुलीला माईकची भीती वाटते तिनं पोस्टरपासून सुरुवात करावी. पोस्टरवर अक्षर एवढं मोठं हवं की चार-पाच हात लांबून वाचता यावं.

भाषेची भीतीही मोठी असते. "सगळे इंग्रजीत बोलतील, माझं कसं होणार?" हा प्रश्न आम्हाला अनेकींनी विचारला आहे. शिक्षणशास्त्र, समाजशास्त्र, मराठी, इतिहास या विषयांच्या बऱ्याच चर्चासत्रांत मराठीतून निबंध वाचता येतो. माहितीपत्रकावर तसं लिहिलेलं असतं, ते आधी पाहायचं. आणि इंग्रजीतून मांडायची वेळ आलीच तर वाक्यं लहान ठेवायची. समोरच्याला मुद्दा हवा असतो.

प्रश्नोत्तरांची एक युक्ती सांगतो. प्रश्न नीट कळला नाही तर, "तुम्हाला असं विचारायचं आहे का?" असं म्हणून तो आपल्या शब्दांत परत म्हणायचा. तेवढ्यात विचार करायला उसंत मिळते. उत्तर माहीत नसेल तर "हे मी पाहिलेलं नाही, आता पाहीन" एवढं पुरे. उगाच काहीतरी ठोकून द्यायचं नाही.

लहान वयात, मोठ्यांपुढे, आपल्या लोकांची स्थिती मांडणं हे आपल्याकडे नवीन नाही. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेत शिकणारी मुक्ता साळवे ही मातंग समाजातली मुलगी साधारण चौदा वर्षांची होती. तिनं मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि १८५५ साली तो 'ज्ञानोदय' पत्रात छापून आला. तिच्याकडे ना संगणक होता, ना पदवी. पण आपल्या लोकांवर काय बेततं हे तिनं पाहिलं होतं आणि ते तिनं स्पष्ट लिहिलं. आज आपल्या मुली ज्या विद्यापीठाच्या पदव्या घेतात त्याला २०१४ पासून सावित्रीबाईंचंच नाव आहे.

घरच्यांनी काय बघायचं?

आता घरच्यांच्या प्रश्नांकडे येऊ. मुलीला पाठवायचं तर काही गोष्टी तपासायच्या, आणि त्या तपासून मग पाठवायचंच.

चर्चासत्र कोण भरवतंय? महाविद्यालय, विद्यापीठ की आणखी कुणी? माहितीपत्रक मागून घ्या. त्यावर तारीख, जागा, शुल्क, राहण्याची सोय आणि विचारपूस करायला फोन नंबर असतो. विद्यार्थ्यांना शुल्क कमी असतं. कधी महाविद्यालय ते भरतं, म्हणून आधी तिथे विचारा. पावती आणि प्रमाणपत्र जपून ठेवा, पुढे नोकरीच्या मुलाखतीत कामाला येतं.

"इतके हजार भरा, आठ दिवसांत निबंध छापून देतो," असा मेसेज आला तर सावध राहा. निबंध कुणी वाचत नाही, तपासत नाही, नुसता पैसे घेऊन छापतो, असे लोक आहेत. मार्गदर्शक प्राध्यापकांना विचारल्याशिवाय एक रुपया भरायचा नाही. दुसऱ्याचा निबंध उतरवून आपल्या नावावर देणं तर मुळीच नाही. ते संगणकावर पकडलं जातं आणि पदवीवर गदा येते.

पीएच.डी. करणाऱ्या मुलींसाठी सरकारी संस्थांच्या अधिछात्रवृत्ती आहेत. अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, इतर मागासवर्ग आणि भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती, आदिवासी समाजासाठी पुण्याचीच आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था. जाहिरात निघते तेव्हा अर्ज भरायचा असतो, मुदत पाळावी लागते. मुलीला हे माहीत असतंच असं नाही. आपण विचारलं तर ती शोधेल.

आणि प्रवासाचं म्हणाल, तर दोन-तीन मुली एकत्र जाऊ शकतात. आपल्या गटाच्या अंतर्गत कर्जात आपण शिक्षणासाठी पैसे देतोच. शेळीसाठी कर्ज मागितलं तर पाच मिनिटांत ठराव होतो. पोस्टर छपाई आणि एसटीच्या भाड्यासाठी मागितलं तर आपण एकमेकींकडे बघतो. हे बदलायला हवं.

अभ्यास आपल्यावर असतो तेव्हा

इथवर आपण लेकीच्या बाजूनं बोललो. पण दुसरी बाजूही आहे. गावात कुणीतरी पिशवी अडकवून येतं, प्रश्नावली काढतं. उत्पन्न किती, मुली शाळेत जातात का, गटाचा फायदा झाला का. आपण चहा करतो, तासभर उत्तरं देतो, सही करतो. त्यानंतर ते माणूस पुन्हा दिसत नाही. आमच्या गटांनी असे अनेक अभ्यास पाहिले. त्यांत काय लिहिलं गेलं, ते कुठे वाचलं गेलं, आम्हाला कधी कळलं नाही.

म्हणून आता आमच्या बैठकीत कुणी प्रश्नावली घेऊन आलं की आम्ही आधी पाच गोष्टी विचारतो. तुम्हीही विचारा.

पहिली, हा अभ्यास कोणासाठी आणि कशासाठी? महाविद्यालयाचं पत्र दाखवा.

दुसरी, आमची नावं छापणार का? नको असतील तर बदलणार का?

तिसरी, एखाद्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नसेल तर चालेल ना? मध्येच थांबलं तर चालेल ना?

चौथी, आधार क्रमांक किंवा बँकेचा नंबर कशाला हवा? अभ्यासाला तो लागत नाही. मागितला तर द्यायचा नाही.

पाचवी, काय निघालं ते सांगायला परत कधी येणार?

खरा विद्यार्थी या प्रश्नांनी रागावत नाही. त्याच्या प्राध्यापकांनीही त्याला हेच शिकवलेलं असतं, की समोरच्याची संमती घ्या.

नाव द्यायचं की लपवायचं, हे विषयावर अवलंबून आहे. घरातल्या मारहाणीबद्दल कुणी बोललं असेल तर नाव गुप्तच हवं. पण आपली कला, आपलं ज्ञान सांगितलं असेल तर नाव यायलाच हवं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या अभ्यासकांनी पुणे जिल्ह्याच्या डोंगरी भागापासून सुरुवात करून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. कोणती ओवी कोणत्या बाईनं सांगितली, तिचं गाव कोणतं, हे त्यांनी लिहून ठेवलं. आज त्या ओव्या त्या बायकांच्या नावानिशी जगभर वाचता-ऐकता येतात. दळण दळणारी बाई त्यात नुसती "माहिती देणारी" राहिली नाही.

बैठकीत घेतलेली तालीम

आता एक घडलेली गोष्ट सांगतो. आंबेगावच्या पश्चिम भागातली, आमच्या ग्रामसंघातल्या एका ताईंची मुलगी एम.एड. करत होती. वरच्या वाड्यांमधल्या मुली आठवी-नववीनंतर शाळेत कमी का दिसतात, हा तिचा विषय. शिक्षणाच्या एका चर्चासत्रात तिला तो मांडायचा होता. आम्ही म्हटलं, आधी आमच्यापुढे मांड. बैठकीत हप्ते गोळा झाले, हिशोब झाला, मग तिला उभं केलं. समोर चौदा बायका, त्यातल्या निम्म्यांना वाचता येत नाही.

तिनं छान सांगितलं. शेवटी कारणं वाचली. पहिलंच कारण होतं, "पालकांची उदासीनता".

एका आजींनी विचारलं, "उदासीनता म्हंजी काय गं?"

ती म्हणाली, "म्हणजे आई-वडिलांना मुलीच्या शिक्षणाची फारशी फिकीर नसते."

बैठक एकदम गप्प झाली. मग एकेक बोलायला लागली. एक म्हणाली, पास फुकट आहे, अहिल्याबाई होळकर योजनेतून मिळतो, पण संध्याकाळची गाडी चुकली तर पोर अंधारात डोंगर चढून येते, तेव्हा फिकीर कोण करतं? दुसरी म्हणाली, आम्ही नवरा-बायको टोमॅटोच्या कामाला नारायणगावकडे उतरतो, मागे धाकटी दोन पोरं कुणी सांभाळायची? तिसरी म्हणाली, आवणी आणि हिरड्याचे दिवस हेच आमच्या हातात पैसा यायचे दिवस. तेव्हा पोरगी घरी राहते, पण नंतर आम्हीच तिला शाळेत नेऊन सोडतो. मास्तर विचारतात, इतके दिवस कुठं होती? ती लाजते आणि पुन्हा जात नाही.

आजींनी शेवटचं विचारलं, "ह्यो शबुद तुला कुणी सांगितला? आमच्यातलं कोण असं बोललं?"

मुलगी तपासायला लागली. तिच्या प्रश्नावल्यांत हे शब्द कुणाच्याच तोंडी नव्हते. ते कारण तिनं आधीच्या निबंधांतून घेतलं होतं. सगळेच तसं लिहीत आले होते.

तिनं काम पुन्हा हातात घेतलं. मार्गदर्शक मॅडमशी बोलली, शाळेची हजेरी महिन्यांप्रमाणे मांडली, शेजारी शेतीच्या कामाचं आणि एसटीच्या वेळांचं कोष्टक ठेवलं. चर्चासत्रात तिनं "उदासीनता" हा शब्द काढून टाकला आणि तो का काढला तेही सांगितलं. प्रश्नोत्तरांचा सगळा वेळ त्यावरच गेला, असं ती परत आल्यावर म्हणाली.

मैत्रिणींनो, यात नुसता एक शब्द बदलला नाही. "उदासीनता" लिहिलं की उपाय निघतो, पालकांना समज द्या, मेळावे घ्या, भाषणं करा. "गाडी आणि कामाचे दिवस" लिहिलं की उपाय निघतो, गाडीची वेळ बदला, धाकट्या पोरांची सोय करा, परत आलेल्या मुलीला मागे राहिलेला अभ्यास भरून द्या. चुकीचं कारण शहरातल्या सभागृहात वाचलं गेलं तर चुकीचा उपाय आपल्या गावात येतो.

असा विचार आपल्या जिल्ह्यात आधीही झाला आहे. जे. पी. नाईक यांनी १९४८ साली भारतीय शिक्षण संस्था स्थापन केली, ती पुढे पुण्याला आली. त्या संस्थेत डॉ. चित्रा नाईक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात दिवसा गुरं राखणाऱ्या, भावंडं सांभाळणाऱ्या, रानात जाणाऱ्या मुलामुलींसाठी संध्याकाळचे वर्ग चालवून पाहिले. मुलांना दोष न देता शाळेची वेळ बदलून बघितली. वर्ग कसा चालवायचा यात गावालाही सामील केलं. तोही संशोधनाचाच भाग होता.

या महिन्याच्या बैठकीत

आमची विनंती साधी आहे. पुढच्या बैठकीत विषयपत्रिकेवर एक विषय वाढवा, "आपल्या गावातल्या शिकणाऱ्या मुली". कोण कुठे शिकते, काय अभ्यास करते, विचारा. कुणाचा प्रकल्प, शोधनिबंध, पोस्टर तयार होत असेल तर तिला पंधरा मिनिटं द्या. ती बोलेल तेव्हा मध्ये तोडू नका. झाल्यावर तीन प्रश्न जरूर विचारा: कुणाकुणाला विचारलंस? कुठे गेली नाहीस? आम्ही हे असंच म्हणालो होतो का?

मुलींनाही सांगतो. चर्चासत्र झालं की निबंधाची एक प्रत ग्रामसंघाच्या कपाटात आणून ठेवा, आणि अर्धा तास काढून त्यात काय लिहिलं ते वाचून दाखवा. शाळेबद्दल असेल तर शाळा व्यवस्थापन समितीपुढे वाचा, ग्रामसभेत वाचा. या रेडिओवर यायचं असेल तर आम्हाला कळवा, माईक आपलाच आहे.

आणि घरच्यांनो, मुलगी "पुण्याला पेपर वाचायला जायचंय" असं म्हणाली, तर माहितीपत्रक नीट बघा, गाडीची वेळ विचारा आणि डबा बांधून द्या. जाण्याच्या आदल्या रात्री तिला चुलीपाशी बसवून एकदा तिचा निबंध ऐका. कळला नाही तर कळला नाही म्हणा. जे चुलीपाशी समजावता येतं, ते सभागृहात समजावणं अवघड जात नाही.